संसारांतील यंत्रें : संगणकाच्या पडद्याचें चित्रण — थोड्या खर्चाचें साधन कसें निवडावें ?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं बऱ्याच पत्रांत एकाच विषयाची विचारणा आहे. संगणकाच्या पडद्यावर जें कांहीं चाललें असेल तें आपल्या आवाजासह जसेंच्या तसें टिपून ठेवावयाचें झाल्यास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, त्यास खर्च किती येतो, आणि फुकट मिळणाऱ्या साधनांवर भरंवसा ठेवावा कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे. विचारणाऱ्यांत शिक्षक आहेत, घरबसल्या शिकवण्या घेणाऱ्या भगिनी आहेत, आणि परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांना मराठी वाचावयास शिकवूं इच्छिणारे आजोबाहि आहेत. या सर्वांस एकच उत्तर देतां येणार नाहीं. कारण प्रत्येकाचें काम निराळें, संगणक निराळा व पाहणारा निराळा. परंतु उत्तर शोधण्याची रीत मात्र एकच आहे, आणि ती आमच्याच घरांत घडलेल्या दोन प्रसंगांवरून सांगतां येण्यासारखी आहे.

आमचे ती. काका जुन्नरास असतात. वय ८४. शिवनेरीच्या छायेंतील त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे पांच रुमाल होते. जमाखर्चाच्या वह्या, वतनाच्या तंट्याचे कागद, लग्नाच्या याद्या आणि कोणा पूर्वजानें काशीहून धाडलेलीं पत्रें, असा तो संग्रह. हे कागद वाचूं शकणारी आमच्या कुळांत आज एकच व्यक्ति आहे, व ती म्हणजे काका. मोडी ही हात न उचलतां लिहावयाची लिपि. तींत शब्दाशब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेदहि पाळलेला नसतो. पुस्तकावरून मुळाक्षरें येतात, पण वाचन येत नाहीं; एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला, हें बोटानें दाखविणारा कोणी शेजारीं बसलेला असावा लागतो. २०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीस स्थान मिळालें ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि संगणकाला अक्षर मिळालें म्हणून माणसाला वाचन येतें असें नव्हे.

काकांची दृष्टि दोन वर्षांपासून उतरत चालली आहे. उजव्या डोळ्याचा आतां उपयोग नाहीं, आणि डाव्याचा किती दिवस राहील हें सांगतां येत नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां कागदांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकावर मोठीं करावीं, काकांनीं माउसच्या बाणानें ओळ दाखवीत वाचावें, आणि पडद्यावरील चित्र, बाणाची हालचाल व त्यांचा आवाज हीं तिन्ही एकत्र टिपून ठेवावीं, अशी योजना दिवाळीच्या सुटींत आम्हीं केली.

निवड करण्यांत घाई झाली ती माझी. एक जाहिरात पाहून मीं ‘विनामूल्य’ म्हणविणारें एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलें. काकांनीं सलग तीन दिवस, रोज दीड तास, एक रुमाल वाचून दाखविला. चौथ्या दिवशीं फाईली बाहेर काढावयास बसलों तेव्हां कळलें कीं, चित्रण विनामूल्य असलें तरी तें पुरतें बाहेर काढणें विनामूल्य नाहीं. पैसे भरल्याखेरीज प्रत्येक पाठाचीं आरंभींचीं कांहीं मिनिटेंच मिळावयाचीं, आणि त्यांवरहि कंपनीचें नांव मधोमध, नेमकें मोडीच्या ओळींवर, उमटलेलें राहावयाचें. तीन दिवसांचे श्रम वांचविण्यासाठीं मीं वर्षाची वर्गणी निमूटपणें भरली. दोन दिवसांचें चित्रण हातीं आलें. तिसऱ्या दिवशीं मात्र वाचन चालूं असतांना वीज गेली होती. ती फाईल कांहीं केल्या उघडेना.

काकांना तें सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले, आणि म्हणाले, “अरे, पैसे गेले त्याचें कांहीं नाहीं. पण काशीचें पत्र तिसऱ्या दिवशींच वाचलें होतें ना ? तें पुन्हां वाचीन मी. फक्त त्या दिवशीं जें दिसत होतें तें आतां दिसेल कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.”

वाचकहो, ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. किमतीच्या चिठ्ठीवर शून्य लिहिलेलें असलें म्हणजे वस्तु स्वस्त होत नाहीं.

दुसरा प्रसंग आमच्या वहिनींचा. त्या आंबेगांव तालुक्यांत, घोडेगांवच्या पश्चिमेस डोंगराकडील एका शाळेंत गणित शिकवितात. ज्या आंबेगांवाचें नांव तालुक्यास आहे तें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि कचेऱ्या घोडेगांवीं आहेत, हें वाचकांस ठाऊक असेलच. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी येऊन शाळा मिटल्या, तेव्हां वहिनींनीं बीजगणिताचे पाठ संगणकावर तयार केले. पाठ सुबक झाले, अक्षर स्वच्छ, आवाज खणखणीत. आठ दिवसांनीं त्यांचा फोन आला : “भावजी, चित्र इतकें सुरेख उतरलें आहे कीं तें कोणीच पाहिलेलें नाहीं !” कारण साधें होतें. दहा मिनिटांच्या एका पाठाची फाईल जवळजवळ १९० मेगाबाइटांची झाली होती; मुलांच्या घरीं एकच मोबाइल, तोहि वडील कामावरून परत येतील तेव्हां हातीं लागणारा, आणि डोंगराच्या कुशींत तरंगांचा पत्ता नाहीं.

काकांना टिकाऊपणा हवा होता, वहिनींना लहानपणा. म्हणून साधन निवडण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारावे असें मी सुचवितों. पाहणारा कोण, आणि तो कशावर पाहणार ? पाठ किती लांबीचा ? आपला संगणक किती जुना ? आणि हें चित्रण आठवड्यापुरतें हवें आहे कीं पिढ्यांपुरतें ? हीं उत्तरें कागदावर लिहून काढल्याखेरीज एकहि सॉफ्टवेअर उतरवूं नये.

आतां प्रत्यक्ष साधनांकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, बहुतेकांच्या घरांत तें अगोदरच असतें. विंडोज ११ मध्यें ‘स्निपिंग टूल’ नांवाचें जें चिमुकलें साधन आहे, त्यांत २०२३ पासून पडद्याच्या निवडलेल्या भागाचें चित्रण करण्याची सोय झाली आहे. विंडोज १० मध्यें ‘गेम बार’ आहे. विंडोजची कळ व जी ही कळ एकत्र दाबली कीं तें उघडतें. तें खेळांसाठीं केलेलें असलें तरी पाठांसाठींहि चालतें. मात्र तें एका वेळीं एकाच खिडकीचें चित्रण करितें, सबंध पडद्याचें नाहीं. ॲपलच्या संगणकावर २०१८ पासून शिफ्ट, कमांड व ५ या तीन कळा एकत्र दाबल्या कीं हेंच काम होतें. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, मोबाइलांतहि ही सोय अंगभूत आहे. ज्यांना पांचदहा मिनिटांचा साधा पाठ करावयाचा आहे त्यांनीं याहून अधिक कांहीं शोधूंच नये.

ज्यांची गरज मोठी आहे त्यांच्यासाठीं ‘ओबीएस स्टुडिओ’ हें मुक्त सॉफ्टवेअर आहे. ह्यू बेली यांनीं २०१२ मध्यें सुरू केलेल्या या कामाला पुढें जगभरच्या स्वयंसेवकांचे हात लागले. तें विंडोज, ॲपल व लिनक्स या तिन्हींवर चालतें. त्यास शुल्क नाहीं, काळाची मर्यादा नाहीं, आणि चित्रावर कोणाचें नांव उमटत नाहीं. त्याचा दोष म्हटला तर हाच कीं, पहिल्या दिवशीं तें भांड्यांनीं खच्चून भरलेल्या परक्या स्वयंपाकघरासारखें वाटतें. पळी कोठें आहे हेंच सांपडत नाहीं. एक संध्याकाळ त्यास द्यावी म्हणजे हात बसतो. जुन्या यंत्रांविषयीं एक सूचना : २०२२ मध्यें आलेल्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून ओबीएसनें विंडोज ७ व ८ यांचा आधार सोडला आहे. वहिनींच्या शाळेंतील लॅपटॉप असाच जुना होता. त्यावर आम्हीं लिनक्स बसविलें आणि ‘सिंपलस्क्रीनरेकॉर्डर’ हें हलकें, मुक्त साधन वापरलें. निकामी म्हणून कपाटांत पडलेलें यंत्र पुन्हां कामास लागलें.

आतां थोडा हिशेब, कारण गृहिणीस जसा दुधाचा तसा येथें मेगाबाइटांचा हिशेब चुकून चालत नाहीं. चित्रण दर सेकंदास किती माहिती सांठवितें त्यावर फाईलीचा आकार ठरतो. दर सेकंदास २५०० किलोबिट असा दर ठेवला तर मिनिटास सुमारें १९ मेगाबाइट होतात, व दहा मिनिटांचे १९० च्या घरांत जातात. वहिनींचें हेंच झालें होतें. दर १००० किलोबिट केला तर दहा मिनिटांस ७५ मेगाबाइट. आणि २०० किलोबिट केला तर अवघे १५. हलणारें नाटक २०० किलोबिटांत पाहवणार नाहीं. परंतु गणिताच्या पाठांत फळा स्थिर असतो, फक्त एकेक ओळ वाढत जाते. म्हणून सेकंदास ३० चित्रांऐवजीं १० चित्रें घेतलीं आणि चित्राची लांबीरुंदी १२८० बाय ७२० इतकी केली, तर एवढ्या थोड्या जागेंत अक्षर नीट वाचतां येतें. एकदां मोठ्या आकारांत टिपून मागाहून लहान करावयाचें असेल तर ‘हँडब्रेक’ हें मुक्त साधन आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविण्यास बरीच वर्षें १६ मेगाबाइटांची मर्यादा होती. २०२२ पासून दस्तऐवज म्हणून २ गिगाबाइटपर्यंतची फाईल पाठवितां येते. पण पाठवितां येणें निराळें आणि डोंगरापलीकडील मुलाला घेतां येणें निराळें. वहिनींनीं १५ मेगाबाइटांचे पाठ धाडले, आणि पहिल्याच आठवड्यांत वह्यांचीं छायाचित्रें परत येऊं लागलीं.

विजेविषयीं जें मला तीन दिवस घालवून कळलें तें वाचकांस फुकट सांगतों. एमपी४ या नेहमींच्या प्रकारच्या फाईलींत कोणतें चित्र कोठें आहे याची अनुक्रमणिका बहुधा शेवटीं, चित्रण थांबवितांना लिहिली जाते. मध्येंच वीज गेली तर पोथीचीं सर्व पानें लिहून झालेलीं, पण तीं सुटीं, क्रमांकाविना विखुरलेलीं, अशी अवस्था होते. संगणकास तीं लावतां येत नाहींत. एमकेव्ही या प्रकारांत माहिती जसजशी येईल तसतशी बांधली जाते. वीज गेली तरी तोंपर्यंतचा भाग शाबूत राहतो. ओबीएसमध्यें एमकेव्ही निवडून चित्रण करावें आणि काम संपल्यावर त्याच सॉफ्टवेअरमधील ‘रीमक्स’ या सोयीनें एमपी४ करून घ्यावें. त्यांत चित्राची प्रत उतरत नाहीं, आणि काम क्षणार्धांत होतें. याशिवाय पाठ दहा दहा मिनिटांचे ठेवावे, म्हणजे हानि झालीच तर दहा मिनिटांचीच होईल. आमच्या त्या दीड तासाच्या पाठाचे नऊ भाग केले असते तर एकच गेला असता.

आवाजाकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. वस्तुतः अंधुक चित्र सहन होतें, अस्पष्ट बोलणें होत नाहीं. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतून येणारे रेडिओतरंग टिपतात. जगांतील एवढी मोठी दुर्बीण तेथें उभारण्याचें एक कारण असें कीं, माणसांनीं निर्माण केलेला रेडिओतरंगांचा गोंगाट त्या भागांत कमी होता. कान कितीहि तीक्ष्ण असला तरी त्यास आधीं शांतता लागते, ही गोष्ट त्या शास्त्रज्ञांनीं ओळखली. आपण मात्र कुकरच्या शिट्टीशेजारीं बसून महागडा माईक मागवितों! गाद्या व कपडे असलेली खोली निवडावी, पंखा बंद करावा, आणि मोबाइलबरोबर मिळणारा साधा कानांतला माईक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. घरगुती कामास बहुधा एवढें पुरतें.

पाठ कसा रचावा याचाहि एक धडा आपल्याच प्रांतांत उपलब्ध आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नांवाचा प्रकल्प उभा राहिला. संगणकाच्या पडद्याचें चित्रण आणि त्यावर संथ आवाजांतील निवेदन, एवढ्याच भांडवलावर त्यांनीं मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे दहा दहा मिनिटांच्या आसपासचे पाठ केले, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरविले. त्यांची पद्धति अशी कीं, निवेदनाची संहिता आधीं लिहून काढावयाची, आणि शिकणाऱ्यानें एका बाजूस पाठ लावून दुसऱ्या बाजूस तीच कृति स्वतः करीत जावयाचें. संहिता लिहिलेली असली म्हणजे अडखळणें कमी होतें, पाठ आटोपशीर होतो, आणि उद्यां तोच पाठ दुसऱ्या भाषेंत नेतां येतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाहीं. एक, विकत घ्यावयाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत कोणी ‘अशीच’ देऊं केली तर ती घेऊं नये. तें नीतीस सोडून आहेच. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकांत काय शिरेल याचा नेम नाहीं, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करीत असतों. फुकट देण्यास मुक्त सॉफ्टवेअर हजर असतांना चोरी करण्याचें प्रयोजनच काय ? दुसरी, चित्रण सुरू करण्यापूर्वीं येणाऱ्या सूचना बंद कराव्या. वहिनींच्या एका पाठांत लसावि चालला असतांना कोपऱ्यांत एका पालकाचा घरच्या आजाराविषयींचा खाजगी निरोप झळकून गेला. पाठविण्यापूर्वीं त्यांनीं पाठ पुन्हां पाहिला म्हणून बरें. नाहींतर एका घरचें दुःख साऱ्या वर्गांत वांटलें गेलें असतें. आपला पडदा ही आपली माजघराची खोली आहे. पाहुण्यांस आंत घेण्यापूर्वीं ती आंवरून ठेवावी.

मग पैसे मोजून घ्यावयाच्या सॉफ्टवेअरला अर्थच नाहीं काय ? आहे. टेकस्मिथ कंपनीच्या कॅमटेशियासारख्या साधनांत चित्रण व काटछाट एकाच ठिकाणीं सुलभपणें होते, आणि ज्याचा हाच व्यवसाय आहे त्याचा वांचलेला वेळ वर्गणीहून मोलाचा ठरतो. मात्र घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : पैसे एकदांच द्यावयाचे कीं दर वर्षीं, वर्गणी थांबविली तर जुनीं कामें उघडतां येतील कीं नाहीं, आणि तयार फाईल कोणत्याहि संगणकावर चालेल अशा प्रकारची मिळते कीं नाहीं. कोणतेंहि साधन असो, पहिल्या दिवशीं दोनच मिनिटांचें चित्रण करून, तें पुरतें बाहेर काढून, दुसऱ्याच्या मोबाइलवर लावून पाहावें. ही एक परीक्षा मीं केली असती तर वरील अर्धा लेख लिहावा लागला नसता.

काकांच्या कामाची हकीकत सांगून लेख संपवितों. ओबीएस लावून, एमकेव्हींत, दहा दहा मिनिटांचे तुकडे करून आम्हीं पुन्हां आरंभ केला. चाळीस तासांचें चित्रण दर सेकंदास १००० किलोबिट या दरानें अवघ्या १८ गिगाबाइटांत बसतें. म्हणजे सारे रुमाल एका लहानशा पेन ड्राइव्हमध्यें मावतात. एक प्रत जुन्नरास व एक पुण्यास, अशा दोन ठेवल्या आहेत. काशीच्या पत्राची पाळी आली तेव्हां काकांना पहिल्या सहा ओळी वाचतां आल्या. सातव्या ओळीवर बाण थांबला. ते म्हणाले, “येथून पुढें सगळें धूर दिसतें आहे रे.”

शेजारीं चि. पुतणी बसली होती. पहिल्या दोन दिवसांचे जे पाठ वांचले होते ते तिनें सुटीभर पुन्हां पुन्हां पाहिले होते. ती एकेक अक्षर लावीत चांचरत वाचूं लागली. ती अडली कीं काका नुसतें ऐकून शब्द तोडून देत आणि पुरा करीत. ओळीस दोन दोन मिनिटें लागलीं. एका ठिकाणीं दोघांचेंहि एकमत झालें नाहीं, तो शब्द आम्हीं तसाच सोडला आहे. हें सर्व त्या चित्रणांत आहे : तिचें चुकणें, त्यांचें “नाहीं, पुन्हां बघ” म्हणणें, आणि शेवटची ओळ लागल्यावर त्यांनीं समाधानानें टाकलेला उसासा.

त्या चित्रणास पैसा एकहि लागला नाहीं. परंतु त्याची किंमत विचाराल तर ती मला सांगतां येणार नाहीं. ज्यांच्या घरीं असे कोणी वडील माणूस असेल त्यांनीं साधनाच्या निवडीस एक संध्याकाळ द्यावी, दोन मिनिटांची परीक्षा करावी, आणि मग मात्र उशीर करूं नये.